फेसवॉश बदलून बदलून दमलात? आधी ट्यूब उलटी करा, मग नळाचं पाणी बघा

नाशिकला सिडकोत आमचं मेडिकल आहे, सकाळी पप्पा बसतात आणि दुपारनंतर मी. बी फार्म होऊन सहा वर्षं झाली आणि या सहा वर्षांत काउंटरवर सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य ताप-खोकल्याचं नाहीये, ते आहे "अगं हा पण फेसवॉश लागू पडेना गं". परवा एक काकू आल्या, पिशवीतून चार ट्यूब काढून काउंटरवर ओळीने मांडल्या, चारही अर्ध्या वापरलेल्या, एकीला तर झाकण पण नव्हतं. म्हणे नवीन आणला की पंधरा दिवस चेहरा मस्त राहतो, मग परत गाल ओढतात, हनुवटीवर फोड, नाकाच्या कडेला सालं, सगळं जसंच्या तसं. एक नीमवाला, एक कोळशाचा, एक व्हिटॅमिन सी, एक केशर-चंदन. मी चारही उलट्या केल्या आणि मागचं बारीक अक्षर वाचायला लागले तर तिघांत पाणी सोडून पहिली चार-पाच नावं जवळजवळ सेम, चौथ्यात थोडी वेगळी. म्हणजे काकूंनी चार वेळा पैसे मोजून जवळजवळ एकच फेसवॉश घरी नेला होता, फक्त रंग आणि वास वेगळा.

हे एकट्या काकूंचं नाही. दर महिन्याला पाच-सहा जण तरी हीच गोष्ट घेऊन येतात म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकावं, कारण गर्दीच्या वेळी काउंटरवर एवढं बोलता येत नाही, मागचा माणूस पॅरासिटामॉलसाठी खोळंबलेला असतो.

आधी मागची बाजू

मागे जी घटकांची यादी असते ती जास्तीपासून कमीकडे लिहिलेली असते. जे सगळ्यात जास्त ते पहिलं, त्यामुळे पहिलं नाव बहुतेक पाणीच असतं. १ टक्क्याच्या खालचे जे असतात ते मग कुठल्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. आता तुमच्या नीमच्या ट्यूबमध्ये नीमचा अर्क कितव्या नंबरवर आहे ते बघा. बऱ्याचदा सुगंध आणि रंगाच्या शेजारी बसलेला सापडेल. आणि समजा जास्त जरी असला तरी तो तोंडावर राहतो किती, अर्धा मिनिट, मग गेला बेसिनमध्ये. व्हिटॅमिन सी चं पण तसंच, ते सीरममधून घ्या हवं तर, धुवून टाकायच्या वस्तूत त्यासाठी जास्तीचे पैसे का द्यायचे हे मला कधी कळलं नाही, आणि आम्ही ते विकतो तरी पण कळलं नाही.

चेहऱ्याला फरक पडतो तो पाण्यानंतरच्या दोन-तीन नावांनी. तिथे फेस करणारा आणि तेल उचलणारा माल असतो, सर्फॅक्टंट म्हणतात त्याला. त्याचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि पाणी ओतलं की तेलासकट निघून जातो. गडबड एवढीच की धूळ-घामाचं तेल कुठलं आणि चामडीच्या वरच्या थराने स्वतःसाठी राखून ठेवलेलं कुठलं हे त्याला कळत नाही. जो कडक असतो तो दोन्ही उचलून नेतो. मग गाल ओढायला लागतात आणि आपण म्हणतो वा काय स्वच्छ झालं, कुरकुरीत वाटतंय. ताट कुरकुरीत धुतलेलं चांगलं हो, गाल नाही.

मोटामोटी तीन घराणी आहेत, ही ओळखता आली की अर्धं काम झालं.

पहिलं घराणं साबण. वडीवर सोडियम पामेट, सोडियम पाम कर्नलेट, सोडियम कोकोएट असं काही दिसलं की तो खरा साबण. पण लोक फसतात ते ट्यूबमध्ये, ती पांढरी क्रीमसारखी ट्यूब असते ना जिचा भरपूर दाट फेस होतो, तिच्या मागे बघा, स्टिअरिक अ‍ॅसिड, मायरिस्टिक अ‍ॅसिड, लॉरिक अ‍ॅसिड आणि पुढे पोटॅशियम हायड्रॉक्साइड अशी नावं असतील तर ते पण साबणच आहे, फक्त ट्यूबमध्ये भरलेला, कारण तेलाचं आम्ल आणि क्षार एकत्र आले की साबणच होतो. साबणाचा पीएच ९ ते १० च्या घरात जातो आणि आपल्या चेहऱ्याच्या वरच्या थराचा साधारण ४.५ ते ५.५, म्हणजे चेहरा थोडा आंबट बाजूचा आणि साबण त्याच्या उलट, क्षारी बाजूचा. एकदा धुतलं की परत जागेवर यायला चामडीला वेळ लागतो, निरोगी जाड तेलकट चामडी सांभाळून घेते, पण नाजूक किंवा कोरडी असेल आणि वर दिवसातून चार वेळा धुतलं तर ती सांभाळायला पोचतच नाही.

इथे एक गोष्ट सांगते, साबणाच्या वडीवरचा टीएफएमचा आकडा विचारणारे दादा लोक असतात, ग्रेड वन म्हणजे ७६ टक्के का, मग तोच द्या. बरोबर आहे, ७६ वाला ग्रेड वन, ७० वाला ग्रेड टू, ६० वाला ग्रेड थ्री. पण तो आकडा साबणात तेलाचा भाग किती एवढंच सांगतो, लवकर विरघळून जाणार नाही, वडी टिकेल वगैरे. तोंडाला सौम्य आहे का हे तो सांगत नाही. ७६ वाला साबण पण साबणच, पीएच तोच. उलट काही अगदी सौम्य वड्या साबण नसतातच, त्यात सोडियम कोकॉइल आयसेथायोनेट असतं, त्यांना सिनडेट म्हणतात, आणि टीएफएमच्या हिशोबात त्या बसतच नाहीत.

दुसरं घराणं सल्फेट. सोडियम लॉरिल सल्फेट आणि सोडियम लॉरेथ सल्फेट, नावात दोन अक्षरांचा फरक पण स्वभावात बराच. लॉरिल वाला एवढा चावरा आहे की चामडीच्या प्रयोगांमध्ये मुद्दाम जळजळ आणायची असते तेव्हा तोच वापरतात. लॉरेथ वाला त्यापेक्षा मवाळ, आणि जोडीला कोकामिडोप्रोपिल बीटेन असेल तर आणखी मवाळ होतो. त्यामुळे सल्फेट दिसलं की पळा असं मी सांगत नाही. तेलकट चेहऱ्याच्या, दिवसभर गाडीवर फिरणाऱ्या माणसाला लॉरेथ अधिक बीटेन हे जोडपं छान चालतं.

तिसरं घराणं सौम्य वाल्यांचं. आयसेथायोनेट वर आलंच, मग डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड, सोडियम मिथाइल कोकॉइल टॉरेट, आणि ज्यांच्या नावात ग्लुटामेट येतं ते. ग्लुकोसाइड वाल्यांचा फेस कमी होतो आणि इथेच आपल्याकडे सगळं बिनसतं, फेस झाला नाही म्हणजे धुतलंच गेलं नाही असं डोक्यात पक्कं बसलेलं असल्यामुळे लोक दुप्पट घेतात, दोनदा लावतात आणि सौम्य वस्तूने पण चेहरा सोलून काढतात. वाटाण्याएवढा बास आहे. आणि सौम्य म्हणजे कुणालाच काही होत नाही असं पण नाही हं, बीटेन आणि ग्लुकोसाइड या दोघांची अ‍ॅलर्जी थोड्या लोकांना येते, पापण्यांना खाज सुटली, मानेवर लाल चट्टे आले तर ही दोन नावं संशयितांत धरा.

आता सगळ्यात मोठी फसगत. "सल्फेट फ्री" असं पुढे छापलेलं असतं आणि लोक निवांत होतात. पण ती पांढरी साबणवाली ट्यूब पण सल्फेट फ्री म्हणवून घेऊ शकते, खोटं काहीच नाही त्यात, कारण साबणात सल्फेट नसतंच! तसंच सोडियम सी चौदा-सोळा ओलेफिन सल्फोनेट नावाचा एक गडी आहे, नावात सल्फेट नाही पण तेल काढायला चांगला दणकट. मी स्वतः दोन वर्षं असला एक सल्फेट फ्री वापरत होते आणि कपाळावर साधं पाणी जरी लागलं तरी चुरचुरायचं. बी फार्म करून पण मागचं वाचलं नव्हतं, पुढचं हिरवं पान बघून घेतला होता.

आपला चेहरा कुठल्या जातीचा

हे घरी बघता येतं. सकाळी नेहमीच्या फेसवॉशने धुवा, टिपून घ्या, काहीच लावू नका आणि अर्धा तास घरात सावलीत बसा. भर मे महिन्यात द्वारका सर्कलला सिग्नलवर उभं राहून ही परीक्षा घेऊ नका, तिथे सगळेच तेलकट. अर्ध्या तासाने सगळा चेहरा ओढत असेल तर कोरडी, किंवा कोरडी केलेली. कपाळ-नाक-हनुवटी चमकतंय आणि गाल ठीक आहेत तर मिश्र. सगळं चमकतंय तर तेलकट. आणि चमकतंय पण आणि ओढतंय पण, असं असेल तर लक्षात घ्या की चामडी तेलकटच आहे, तुम्ही तिला कडक वस्तूने सोलून ठेवलंय. माझी हीच केस होती.

एक गैरसमज पण काढून टाकू, जास्त धुतलं की तेलग्रंथी घाबरून जास्त तेल सोडतात असं सगळीकडे सांगतात. तेल किती सुटायचं ते मुख्यतः हार्मोन ठरवतात, ग्रंथीला तुम्ही कुठला फेसवॉश लावला ते कळत नाही. फेसवॉश वरवर आलेलं तेल पुसतो एवढंच. तो तेल "कंट्रोल" करत नाही, दोन-चार तासांनी ते परत येणारच, ती काही बिघाडाची खूण नाही.

तेलकट आणि फोडवाल्या चेहऱ्याला सॅलिसिलिक अ‍ॅसिड हा खरोखर कामाचा घटक. तेलात विरघळतो त्यामुळे छिद्राच्या आत साचलेल्या मळापर्यंत पोचतो, पाण्यात विरघळणारी अ‍ॅसिडं तिथे तेवढी पोचत नाहीत. ०.५ ते २ टक्के असतो. पण लावला आणि लगेच धुतला तर उपयोग काय, मिनिटभर राहू द्या, बोटांनी हळू फिरवा, मग धुवा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर विचारल्याशिवाय हात लावू नका. काळे-पांढरे ठिपके जास्त असतील तर हा बरा. लाल, पिकलेले फोड असतील तर बेंझॉइल पेरॉक्साइड, तो जंतूंवर काम करतो, २.५ टक्क्यांपासून सुरू करा, जास्त टक्के म्हणजे जास्त गुण असं नाही, जास्त जळजळ मात्र नक्की. आणि हो, तो कापडाचा रंग उडवतो. आमच्या मातोश्रींचा मरून टॉवेल होता, मी त्यालाच तोंड पुसलं, आठवड्याने त्यावर नारिंगी ढग उमटले, आईला वाटलं धुणंवाल्या मावशींनी ब्लीच टाकलं, बिचाऱ्या मावशी उगाच बोलणं खाऊन बसल्या. पांढरा टॉवेल आणि पांढरी उशी ठेवा.

आणि हे दोन्ही एकत्र, वर कोळशाचा स्क्रब, वर गुलाबपाण्याच्या नावाखाली अल्कोहोलवाला टोनर, असं करू नका हो. पोरं करतात. कॉलेजरोडवरून येतात, चेहरा लालबुंद, आणि विचारतात अजून स्ट्राँग काही आहे का.

कोरड्या चेहऱ्याचं सोपं आहे आणि अवघड पण. सोपं असं की घटक कमी लागतात, आयसेथायोनेट किंवा ग्लुकोसाइड, जोडीला यादीत वरच्या नंबरांवर ग्लिसरीन, असलं तर सेरामाइड, आणि सुगंध नको. अवघड असं की या लोकांना धुतल्यासारखं वाटत नाही. आमच्या मावशी निफाडकडे असतात, तिकडे थंडीत पारा एक आकडी होतो, राज्यातली सगळ्यात कमी तापमानं पेपरात छापून येतात ती बऱ्याचदा तिथलीच. मावशींची सवय म्हणजे कढत पाणी, अँटिसेप्टिक साबण आणि वरून डाळीच्या पिठाने घासणं. डिसेंबरात गालांवर अक्षरशः पांढरी जाळी. त्यांना मी फेसवॉश दिलाच नाही. म्हटलं सकाळी नुसत्या कोमट पाण्याने धुवा, संध्याकाळी एकदाच बिनफेसाचा क्लिन्झर, आणि तोंड अर्धवट ओलं असतानाच क्रीम लावा, वाळल्यावर नाही. मावशी म्हणाल्या, साबणाशिवाय तोंड धुवायचं? देवपूजा कशी करू? आठवडाभर रोज फोन. मग फोन थांबले. जाळी गेली का विचारलं तर म्हणाल्या, गेली वाटतं, पण डाळीचं पीठ मी रविवारी लावते हं.

मिश्र चेहऱ्यासाठी दोन फेसवॉश घेऊ नका. सौम्य एकच घ्या आणि फोडाचं औषध फक्त जिथे फोड तिथे लावा. संपला विषय.

नाजूक, लाल होणाऱ्या चेहऱ्याला यादी जितकी लहान तितकी बरी. सुगंध, मेंथॉल, लिंबाचं तेल, पुदिना, हे सगळं नको. गार गार लागतं म्हणजे काम करतंय असं नसतं, मेंथॉल नसांना गार असल्याची खोटी बातमी देतो. आणि लिंबू कापून तोंडावर चोळून उन्हात जाणं तर अजिबात नको, लिंबाच्या रसावर ऊन पडलं की भाजल्यासारखे काळे डाग पडतात आणि महिनोन्महिने जात नाहीत.

सगळं बरोबर करून पण परत तेच? मग पाणी

हा भाग मला स्वतःला पण उशिरा कळला. पाथर्डी फाट्याकडची एक ताई आहे, तीन वर्षं दर एप्रिलला यायची. मार्च संपला की तोंड ओढायला लागतं, जबड्यापाशी खाज, सालं, आणि पाऊस लागला की जुलैत आपोआप बरं. दर वेळी तिला वाटायचं उन्हाळ्याने होतं, नवीन फेसवॉश न्यायची, जुलैत बरं वाटलं की श्रेय त्या फेसवॉशला. पण नाशिकचा उन्हाळा तर मी पण सोसते, मग हिलाच का? तिला विचारलं एप्रिलमध्ये घरात काय बदलतं. खूप वेळ म्हणाली काहीच नाही. मग म्हणाली, हां, मनपाचं पाणी पुरत नाही तेव्हा सोसायटी टाकीत बोअरचं मिसळते.

बोअरचं पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांमधून झिरपत येतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं, म्हणून त्याला जड पाणी म्हणतात, ते साबणाला धरलं की साबण विरघळतच नाही, त्याचा चिकट पांढरा साका होतो. बादलीच्या कडेला बसतो तो हाच. मग चेहऱ्यावर पण बसणारच की.

तिला म्हटलं दोन बाटल्या पाणी भरून आण. आणल्या तीन. तिसरी कसली तर आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी. ती म्हणाली, ते आम्ही फेकत नाही, बेसिनखाली बादलीत साठवतो आणि हात-तोंड धुवायला तेच घेतो, पाणी वाचतं ना. मी डोक्याला हात लावला. पाणी वाचवायची सवय किती चांगली, पण आरओ काय करतं, गोडं पाणी एका बाजूला काढतं आणि सगळे क्षार उरलेल्या पाण्यात ढकलतं, म्हणजे मुळातच जड पाणी त्यात आणखी दाट करून ती रोज सकाळ-संध्याकाळ चेहऱ्यावर मारत होती.

मग काउंटरवरच प्रयोग केला, पप्पा वैतागले पण बघत उभे राहिले. तीन सारख्या रिकाम्या बाटल्या, प्रत्येकीत निम्मं पाणी, एकीत आमच्या दुकानाच्या नळाचं मनपाचं, दुसरीत बोअरचं, तिसरीत आरओचं फेकायचं. साध्या अंगाच्या साबणाचे सुरीने कीस पाडले, नखाएवढे सारखे तीन ढीग, प्रत्येकीत एक. साबणच हवा हं, भांड्यांचं लिक्विड नको, त्याचा फेस जड पाण्यात पण होतो मग काही कळत नाही. झाकण लावून प्रत्येक वीस वेळा जोरात हलवली. मनपाच्या बाटलीत गळ्यापर्यंत फेस, पाच मिनिटांनी पण तसाच. बोअरच्या बाटलीत वर बोटभर फेस आणि खाली पाणी दुधाळ. आणि तिसरीत फेस जवळजवळ नाहीच, वर फाटलेल्या दुधासारख्या गाठी तरंगतायत. ताईने ती बाटली उजेडात धरली आणि स्वतःच्या गालावरून हात फिरवला, काही बोलली नाही.

ती वापरत होती ती दाट फेसाची पांढरी ट्यूब, म्हणजे साबण. तिला सांगितलं, एक, आयसेथायोनेट किंवा ग्लुकोसाइड वाला घे, त्याचा जड पाण्यात असा साका होत नाही. दोन, कमी घे आणि जास्त वेळ धू, कारण जड पाण्यात फेसवॉश चेहऱ्यावर चिकटून राहतो. तीन, शेवटचा एक तांब्या पिण्याच्या पाण्याचा मार. आरओचं उरलेलं पाणी फरशी पुसायला. त्या वर्षी सालं निघणं थांबलं. खाज थोडी राहिली, ती पुढे डॉक्टरांकडे गेल्यावर गेली, म्हणजे सगळा दोष पाण्याचाच होता असं मी म्हणणार नाही.

मोजूनच बघायचं असेल तर लॅबमध्ये "टोटल हार्डनेस", म्हणजे पाण्याचा जडपणा, करून मागा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तो लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं आहे, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. टीडीएसचं पेनासारखं मीटर सगळे क्षार मिळून आकडा दाखवतं, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम किती ते वेगळं सांगत नाही.

जिथे फेसवॉशचा दोषच नसतो

अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनवर काम करणारा एक दादा येतो. चेहऱ्यावर बारीक काळे ठिपके आणि फोड, तीन फेसवॉश झाले. मी म्हटलं बाह्या वर करा. हातावर पण तसेच फोड, आणि लाजत लाजत म्हणाला मांड्यांवर पण आहेत. तिथे कोण फेसवॉश लावतं! कटिंग ऑइल आणि कूलंट अंगावर उडतं, पँट भिजते आणि ती तशीच आठ तास अंगावर. छिद्रं तेलाने बुजून येणारे फोड आहेत ते. वर हा भाऊ शिफ्ट सुटल्यावर हाताचं ग्रीस काढायच्या दाणेदार पावडरने तोंड घासायचा. पावडर बंद, लॉरेथ-बीटेनवाला जेल आणि रात्री सॅलिसिलिक, पण त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे रोज धुतलेले कपडे, आणि खिशातल्या तेलाच्या फडक्याने घाम पुसणं बंद.

स्कूटीवर स्कार्फ गुंडाळणाऱ्या मुलींनो, स्कार्फ शेवटचा कधी धुतला? सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदून ठेवलेत, धूळ काय कमी आहे का, आणि तोच स्कार्फ आठवडाभर गालाला घासतोय. हेल्मेटचा आतला स्पंज आणि हनुवटीचा पट्टा पण तसाच. कपाळावर केसांच्या रेषेजवळच फोड असतील तर डोक्याचं तेल रात्री उशीवरून चेहऱ्यावर येतंय का बघा. आणि कपाळावर सगळे एकाच मापाचे बारीक फोड, खाज भरपूर, सॅलिसिलिकला दाद देत नाहीत, तर ते बुरशीचं असू शकतं, तिथे पिंपल्सचं औषध लावून महिने घालवू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. जबड्याच्या कडेने दर महिन्याला पाळीच्या आधी येणारे मोठे दुखरे फोड आणि पाळी पण मागेपुढे, हे पण डॉक्टरांचं काम, फेसवॉश तिथे काय करणार.

शेवटचं सगळ्यात कडू. चेहरा गोरा करणारं म्हणून जे क्रीम एकमेकींना सांगून लावलं जातं, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. मागे मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल असं नाव बघा, जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. महिना दीड महिना चेहरा उजळतो, मग पातळ होतो, लाल शिरा दिसतात, क्रीम थांबवलं की आग आग, आणि मग पाण्यापासून सगळंच झोंबतं. अशा बायका माझ्याकडे "सौम्यातला सौम्य" फेसवॉश मागायला येतात आणि कुठलाच सोसत नाही, कारण खालची भिंतच पडलेली असते. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइड क्रीमं चिठ्ठीशिवाय देता येणार नाहीत अशा यादीत टाकली, पण त्याआधी आमच्यासारख्या काउंटरवरून ती किती सहज गेलीत हे मला माहितीये, पप्पांशी माझं यावरून भांडण पण झालंय. आज तुम्ही लावत असाल तर एकदम स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि चालू पण ठेवू नका, डॉक्टर हळूहळू सोडवतात.

रंगपंचमीचं पण विचारतात म्हणून, रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उड्या मारून आलेली पोरं दुसऱ्या दिवशी रॉकेलने तोंड पुसून येतात. नका रे. जायच्या आधी खोबरेल चोपडा, आल्यावर परत तेल लावून कापसाने पुसा, मग सौम्य फेसवॉश एकदा. राहिलेला गुलाबी रंग चार-सहा दिवसांत वरच्या थराबरोबर आपोआप जातो, ऑफिसात थोडं हसतील.

आता बदल कसा करायचा. एका वेळी एकच वस्तू. फेसवॉश बदलला तर क्रीम तेच, पाणी तेच. चार आठवडे थांबा, वरचा थर नवीन यायला साधारण एवढा वेळ लागतो, पंधरा दिवसांत निकाल लावू नका. मध्येच जळजळ, सूज, पाणी सुटणारे फोड आले तर मात्र त्याच दिवशी बंद. धुणं दोनदा बास, फारतर घाम आला तर तिसऱ्यांदा नुसत्या पाण्याने. चार ट्यूबवाल्या काकूंना मी पाचवी दिलीच नाही, त्यातल्या जी जरा वेगळी निघाली, केशर-चंदनवाली, तिच्यात लॉरेथ आणि बीटेनची जोडी होती, म्हटलं हीच संध्याकाळी एकदा वापरा, सकाळी नुसतं पाणी, महिन्याने या. बाकीच्या तीन कंगवे आणि चपला धुवायला. अजून महिना व्हायचाय.

दुकानात येताना ट्यूब घेऊन या, नाहीतर फोटो काढून आणा. पण फोटो मागच्या बाजूचा. पुढे काय लिहिलंय ते मला पाठ आहे.